गाडी डावीकडे ओढते

ड्रायव्हर गाडी अंगणात लावून उतरला आणि चावी माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवून निघाला. म्हणाला, "आजी, मला दोन लेकरं आहेत. ब्रेक मारला की ही बया डावीकडे धावते. आज समोरून डंपर असता तर तुम्ही माझ्या दहाव्याला जेवायला आला असता." मी म्हटलं, जेवण कसं केलं असतं तुझ्या बायकोने? तर हसला नाही. आजकालच्या ड्रायव्हरांना विनोद कळत नाही आणि ब्रेकही कळत नाहीत.

गाडी म्हणजे आमचा जुना ट्रक, नाकवाली. इंजिन पुढे नाकासारखं बाहेर आलेलं, लाकडी फळ्यांचा हौदा, काचेच्या वर सासऱ्यांनी रंगवून घेतलेली दोन कमळं. तलासरीकडच्या डोंगरातलं गवत गाठी बांधून डहाणू रोडला पोचवण्यात तिची हयात गेली. अजून गवताच्या दिवसांत तिला काम असतं, मध्येच चिकूच्या वाड्या असतात, आणि हल्ली तर लग्न ठरलेली पोरंपोरी मुंबईहून येऊन तिच्या नाकाला टेकून फोटो काढतात. तिच्या जिवावर मी या पाड्यात माझ्या चुलीवर माझं जेवते. ती गेली की मी बोईसरला मुलाच्या तिसऱ्या मजल्यावर. तिथे सून चांगली आहे, मुलगा चांगला आहे, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. मला तिथे नेण्याआधी माझ्या अंगावरून गाडी घाला, असं मी दोघांना सांगून ठेवलंय.

पण गाडी माझी एकटीची नाही. नवरा गेल्यावर अर्धी माझी झाली, अर्धी धाकट्या दिराची आधीपासूनच होती. आणि भाऊजींना ती गाडी डोळ्यासमोर नको होती. आरटीओचं पासिंग आठ दिवसांवर आलेलं. ब्रेकचं कळलं तशी त्यांनी सीमेपलीकडच्या, गुजरातमधल्या भंगारवाल्या शेठला फोन लावला. शेठ म्हणाला, तीन वाजता गॅस कटर घेऊन येतो.

आता हे मला कोणी सांगितलं? भाऊजींनी नाही. भाऊजी आणि मी, आमचं अंगण एक, विहीर एक, आणि बोलणं शून्य. गेली कित्येक वर्षं आम्ही तिसऱ्या माणसाकरवी बोलतो. माणूस नसला तर म्हशीकरवी. "म्हशी, तुझ्या मालकिणीला सांग, पाणी शेंदून झालं असेल तर दोर मोकळा करा." मीही म्हशीला सांगते, मालकाला म्हणावं दोर काय पळून चाललाय का. म्हशीने आजवर कोणाचीच बाजू घेतली नाही. त्या दिवशी मधे उभा राहायला फिटर होता, सरावलीहून मोटरसायकलवर आलेला, पन्नाशीचा, कानावर पेन्सिल. शेठचं मला त्याच्याकडूनच कळलं.

"फिटर," भाऊजी म्हणाले, "गाडी डावीकडे ओढते. डाव्या चाकाचा ब्रेकचा ड्रम फुटलाय. बघून घ्या आणि सांगा एकदा, म्हणजे काही लोकांच्या मनाला शांती."

"फिटर," मी म्हटलं, "काही लोकांना विचारा, ड्रम न उघडता आतलं दिसायला त्यांना कधीपासून लागलं?"

फिटर बिचारा दोघांकडे बघून मान हलवत होता, टेनिस बघितल्यासारखा. शेवटी त्याने जॅक लावला, डावं चाक उतरवलं. ड्रमवरून जळका वास येत होता. त्याने पान्याने ड्रमवर ठोकलं. थप्प. पुन्हा ठोकलं. थप्प. ओल्या भिंतीवर हात मारावा तसा.

"गेला," फिटर म्हणाला. "चीर गेलेली आहे. चांगला ड्रम घंटेसारखा बोलतो."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही, पण पाठीनेच हसले. त्यांची पाठ हसते ते मला कळतं. एवढ्या वर्षांत मी तोंडापेक्षा पाठच जास्त बघितली आहे.

मी म्हटलं, "फिटर, तू मडकं विकत घेतलंयस कधी?"

"बायको घेते."

"मग तिलाच बोलवायला हवं होतं. तलासरीच्या बाजारात मडकं वाजवून घेताना ते दोन्ही हातांनी घट्ट धरून वाजवतात का? एका बोटावर तोलून धरतात. घट्ट धरलं तर नवंकोरं मडकंसुद्धा मुकं होतं. तुझ्या ड्रमला आतून ब्रेकच्या पट्ट्यांनी मिठी मारलीय. मिठी सोडव, ड्रम बाहेर काढ, तारेला टांग आणि मग मार."

"आजी, दीड तासाचं काम आहे."

"तीन वाजायला चार तास आहेत."

"यांना म्हणावं," भाऊजी म्हणाले, "चूल वेगळी आणि वर्कशॉप वेगळं."

"त्यांना म्हणावं, चुलीवरच्या माणसालाच कळतं काय तापलंय ते."

हे मी उगाच नव्हतं म्हटलं. ड्रायव्हर सकाळी चावी ठेवून गेला तेव्हाच मी पुढच्या दोन्ही चाकांना हात लावून बघितला होता. डाव्या ड्रमने तळहात भाजला. उजवा गार. माजघरातल्या पाण्याच्या हंड्यासारखा गार. चार मैल उतार ब्रेकवर आलेल्या गाडीचं चाक गार राहतं म्हणजे ते चाक थांबवायचं काम करतच नाही. डावं एकटं थांबतं, उजवं चालत राहतं, आणि गाडी थांबणाऱ्या चाकाभोवती वळते. ओढते डावीकडे, पण दुखणं उजवीकडे. हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. तरी मी मडक्यांच्या गोष्टी सांगत बसले, कारण उजव्या चाकाचं कळलं कसं हे कोणी विचारलं असतं तर मला जे सांगावं लागलं असतं ते सांगायचं नव्हतं.

फिटरने कुरकुरत ड्रम काढला. मी गोठ्यातली तार आणून दिली. चिंचेच्या फांदीला तो टांगला आणि पान्याने मारलं. असा वाजला की विहिरीवरची कावळ्यांची जोडी उडाली. ठण्णण्ण. फिटरने उन्हात फिरवून आत बोट घातलं, पेन्सिलीने खुणा केल्या. चीर नाही. जरा निळा पडलाय, जास्त तापल्याने.

"मग आतून लांबट झालाय," भाऊजी म्हणाले. "गोल राहिला नाही. तोही भंगारच."

"लांबट असता तर पेडल पायाखाली थरथरलं असतं. ड्रायव्हर काही बोलला का थरथरण्याचं?"

"ड्रायव्हर पळालाय."

"फिटर, उजवं चाक उघड," मी म्हटलं.

फिटरने पान्याने डोकं खाजवलं. "आजी, गाडी डावीकडे ओढते."

"मला ऐकू येतं."

"मग उजवं कशाला? दुपार होत आली. मालक नको म्हणतायत. गाडी त्यांनी चालवलीय, तुम्ही नाही. तुम्हाला कशावरून?"

झालं. आला प्रश्न. सकाळचा हात सांगून उपयोग नव्हता, आता दोन्ही चाकं सारखीच गार होती.

इथे मला त्या मुलीबद्दल सांगायला हवं जी मी होते. फार हुशार मुलगी. तिची हुशारी बघून देवानेही कपाळावर हात मारला असेल.

माहेरी आमच्याकडे गवताची बैलगाडी होती. गाडीचा आख कुरकुरला की आई चिंधी खुरासणीच्या तेलात बुडवून आखाला गुंडाळायची, कुरकुर बंद. माझ्या बारा वर्षांच्या अकलेचा हाच पाया: चाक ओरडतं म्हणजे त्याला तेल हवं. अठराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आले तर दारात ट्रक. अख्ख्या पाड्यात एकच. मी अशी फुगले की लुगडं तोकडं पडायचं बाकी. भाऊजी तेव्हा वीस-एकवीसचे, ट्रक तेच चालवायचे. घरात येताना, जाताना ब्रेक मारला की पुढचं उजवं चाक किंचाळायचं. सासूबाई म्हणायच्या, कानाला किडे पडले. मोठा मुलगा, म्हणजे माझा नवरा, म्हणायचा बघू. भाऊजी म्हणायचे पट्ट्या नव्या आहेत, बसतील. पुरुष बोलतात आणि काम तसंच राहतं, असं त्या मुलीला वाटलं. तिला वाटायला वेळ लागायचा नाही.

चाकाच्या मागच्या पत्र्याला एक भोक असतं, त्यातून ब्रेक कमी-जास्त करतात. मी ते दुपारी सगळे झोपलेले असताना शोधून काढलं. शोधल्याचा केवढा अभिमान! दिव्यात तेल घालायची पळी घेतली, खुरासणीची बाटली घेतली, गाडीखाली आडवी झाले आणि त्या भोकातून पळी पळीने तेल आत सोडलं. सहा पळ्या. देवाला एक घालतात, मी ट्रकला सहा घातल्या. बाटली संपली म्हणून डावं चाक तसंच राहिलं. ते राहिलं नसतं, तर दोन्ही चाकं सारखी घसरली असती आणि गाडी सरळ गेली असती. सरळ म्हणजे कुठे, ते सांगते.

दुसऱ्या सकाळी ट्रक गवत भरून निघाला आणि फाटकाजवळ चाक ओरडलं नाही. मी दारात उभी राहून स्वतःवर खूश. कोणाला सांगितलं नाही, कारण मला वाटलं आधी घरच्यांनी आश्चर्य करावं, मग मी हळूच सांगावं. आश्चर्य झालं. रानशेतच्या अलीकडच्या उतारावर भाऊजींनी ब्रेक मारला, गाडी डावीकडे फिरली आणि शेताच्या बांधावर चढून आडवी झाली. समोर सरळ गेली असती तर विहीर होती. भाऊजींच्या खांद्याचं हाड मोडलं. गाठी शेतभर.

सासरे गेले, बघून आले आणि म्हणाले, ताडी प्यायला होता. आदल्या संध्याकाळी भाऊजींना कोणीतरी ताडाखाली बसलेलं बघितलं होतं, तेवढं पुरलं. कारागिराने चाक उघडलं तेव्हा म्हणाला, आत तेलकट झालंय, ग्रीस गळलं असेल. मी पाणी द्यायला उभी होते. खुरासणीचा वास मला दहा हातांवरून आला. सासरे म्हणाले, ग्रीस गळलं तरी शुद्धीतला माणूस गाडी सांभाळतो. त्या दिवसापासून गाडी माझ्या नवऱ्याकडे गेली, भाऊजी चिकूच्या वाडीत मजुरीला गेले, आमच्या दोन घरांतलं बोलणं तुटलं, आणि पाड्यात त्यांचं नाव ताडीवाला ड्रायव्हर पडलं. आजही लग्नात त्यांच्या पुढून ताडीची बाटली सरकली की एखादा टवाळ म्हणतोच, बघून हं, बांध जवळ आहे.

आणि ती हुशार मुलगी? तिने पाण्याचा तांब्या आत नेला आणि भांडी घासायला बसली.

तर फिटर विचारत होता, कशावरून. चिंचेवर ड्रम हलत होता. मी गाडीकडे बघितलं, बोईसरच्या खिडकीतली समोरची खिडकी आठवली आणि म्हटलं, "कारण एकदा या उजव्या चाकात मी स्वतः तेल ओतलं होतं. खुरासणीचं. सहा पळ्या. आणि गाडी डावीकडेच गेली होती. रानशेतला."

फिटरला काहीच कळलं नाही. तो म्हणाला, "खुरासणीचं?" एवढंच.

भाऊजी हातातला फिटरचा दुसरा पाना खाली ठेवायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग सरळ झाले. मला वाटलं आता पाना येतो डोक्यात. तो आला असता तर मी बाजूला झाले असते, पण तक्रार केली नसती.

"कधी घातलं?" त्यांनी मलाच विचारलं.

"आदल्या दुपारी."

"आणि माझा बाप मला ताडीवाला म्हणाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तांब्या घेऊन उभी होते."

"उघड रे चाक," ते फिटरला म्हणाले. आवाज असा की फिटरने जॅक धावत नेला.

उजवा ड्रम निघाला तर आत पट्ट्या ओल्या, चकाकत्या. ब्रेक दाबल्यावर पट्ट्या बाहेर ढकलणारा जो छोटा सिलिंडर असतो, त्याचं रबर गेलेलं आणि ब्रेक ऑइल झिरपत होतं. नव्या पट्ट्या, नवं रबर, ड्रम पुसून घासायचा, डाव्याच्याही पट्ट्या बदलायच्या, एवढंच काम. फिटर आनंदला. "आजी, बरोबर निघालात!" त्या क्षणी त्याच्या तोंडात बोळा घालावासा वाटला.

तेवढ्यात शेठ आला, गॅसची टाकी टेम्पोत. गाडीभोवती फिरून नाकावर थाप मारली. "बोला मालक, कापायची ने?"

भाऊजी म्हणाले, "उद्या सांगतो."

"बेन, मी वलसाड सोडून आलो," शेठ माझ्याकडे वळून म्हणाला.

"चहा पिऊन जा," मी म्हटलं, "वलसाड कुठे जात नाही."

शेठ चहा न पिता गेला. मग भाऊजी अंगणाच्या मधोमध उभे राहिले. "उद्या वरच्या घरी साखरपुड्याचं जेवण आहे. सगळा पाडा येईल. तिथे सांगायचं. सांगितलं तर मी शेठला नाही म्हणतो. नाही सांगितलं तर परवा गाडी कापतो, अर्धी माझी आहे, मी उजवीकडची अर्धी कापीन."

मी कबूल झाले. आतून मला जरा हलकंसुद्धा वाटलं. गोष्टी सांगायच्या म्हणजे माझा हातखंडा. पाड्यातल्या बायका माझ्या गोष्टींसाठी भात लावायचं सोडून येतात.

दुसऱ्या दिवशी पंगत उठली, लोक सुपारी कातरत बसले आणि मी उभी राहिले. सांगितलं. वर तुम्हाला सांगितलं तसंच, त्याहून रंगवून. गाडीखाली आडवी झालेली नवरी कशी, पदर कसा चाकात अडकला, पळी कशी, देवाला एक आणि ट्रकला सहा. सहा म्हटल्यावर साखरपुड्याच्या नवरीची आजी हसता हसता खोकायला लागली. सरळ गेली असती तर विहीर म्हटल्यावर एक जण मांडीवर थाप मारून पडला. "ह्या म्हातारीने ट्रकला तीळ-गूळ पण घातला असेल!" मी म्हटलं, तो संक्रांतीला. हशा. मला वाटलं झालं, जिंकले.

भाऊजी उठले. सुपारीचं तबक त्यांच्या पायाने लवंडलं.

"हसवायला सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "माझा खांदा मोडला. माझ्या हातातून गाडी गेली. मी दुसऱ्यांच्या वाडीत चिकू तोडले. आणि ही बाई इथे टाळ्या घेते. कोण होती ती मुलगी, कोण होती, सारखं ती मुलगी, ती मुलगी. ती मुलगी नव्हती. तुम्ही होतात. नीट सांगा."

हसू कुठल्या कुठे गेलं. नवरीची आजीसुद्धा खोकायची थांबली. मी लोकांकडे बघितलं तर लोक माझ्याकडे बघत होते, आणि मला पुढचं वाक्य सुचेना. मला. मला वाक्य न सुचणं ही अशी गोष्ट आहे की पाड्यात कोणी विश्वास ठेवणार नाही.

मी खाली बसले आणि बसूनच सांगितलं. "चाकात तेल मी घातलं. ब्रेक त्यामुळे गेला. भाऊजी ताडी प्यायलेले नव्हते. चाक उघडलं तेव्हा मला वास आला आणि मला कळलं. त्याच दिवशी कळलं. सासरे ओरडत होते तेव्हा मला माहीत होतं. मी घाबरले होते की मला माहेरी पाठवतील, म्हणून बोलले नाही. पुढे कोणी माहेरी पाठवणारं उरलं नाही, तरी बोलले नाही. कारण मग सगळ्यांनी विचारलं असतं, इतके दिवस का नाही."

माझ्या शेजारची बाई, जिच्याबरोबर मी जन्मभर लाकडं आणली, तिने तिचं बसायचं पोतं उचललं आणि पलीकडे जाऊन बसली. ज्या टवाळाने बांध जवळ आहे म्हणायची सवय लावली होती तो सुपाऱ्या गोळा करत बसला, एक एक करून, फार वेळ.

भाऊजी म्हणाले, "राहू दे गाडी." आणि निघून गेले.

फिटरने दोन दिवसांत काम केलं. गाडी चाचणीला काढायची वेळ आली तेव्हा ड्रायव्हर नव्हता. फिटर म्हणाला, मी घेतो. मी भाऊजींच्या दाराशी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या उंबऱ्यापाशी उभी राहून मी हाक मारली, भाऊजी, गाडी तयार आहे, तुम्ही चालवा. रानशेतच्या उतारापर्यंत. फाटकापर्यंत तरी.

ते ओट्यावर पाय पसरून बसले होते. गुडघ्याला तेल चोळत होते. मान वर केली नाही.

"आता गुडघ्याला क्लच सोसत नाही," ते म्हणाले. "तेव्हा सोसत होता."

माझ्या तोंडात काहीतरी आलं होतं, हसण्यासारखंच काहीतरी, नेहमी येतं तसं. ते मी गिळलं. मग परत आले आणि फिटरला म्हटलं, चल, तूच घे. मी शेजारी बसले. उतारावर त्याने ब्रेक मारला आणि गाडी जागच्या जागी सरळ थांबली.